साचाखात्यात मज्जाव

नायगावच्या बीडीडी चाळीत कमळाबाई सकाळची मेथी निवडत होत्या, पण लक्ष सगळं समोर बसलेल्या डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या फॉर्मकडे. कागदावर विश्वास ठेवून त्यांचं कधी भलं झालं नव्हतं.

डॉ. ऋता श्वासाच्या जुनाट आजारांवर संशोधन करत होत्या. रक्तातल्या बारीक खुणा तपासून आजार वंशातून आला की भोवतालच्या हवेतून, हे त्यांना शोधायचं होतं. कमळाबाईंचा मुलगा विकास, साठी ओलांडलेला वॉचमन, बाही वर करून बसला होता. चार शब्द बोलला की त्याला धाप लागे.

"वडिलांनाही हाच त्रास होता?"

"त्यातच गेले."

ऋतांनी 'आनुवंशिक' या शब्दापुढे खूण केली. विकासच्या मुलीला, प्रितीला, पाचवा महिना होता. ती खूण पाहून तिचा चेहरा उतरला.

"डॉक्टर, म्हणजे माझ्या बाळालापण होणार?"

"थांब गं," कमळाबाई म्हणाल्या. "विकास, बाही खाली घे. बाई, ह्यात जात कशाला विचारलीय? रक्तात दिसते काय?"

"आजी, कुठल्या समाजात आजार जास्त आहे, ते कळतं त्यातून."

"आणि काम?"

"लिहिलंय ना. वॉचमन."

"ते आत्ताचं. आधी हा गिरणीत होता, कापूस पिंजायच्या खात्यात. नुसती धूळ. ह्याचा बापपण तिथंच. मागावर, साचाखात्यात, पगार बरा, धूळ कमी. पण तिथं आडवं सूत नेणारा धोटा असतो, त्यातलं सूत तोंडानं ओढायला लागायचं. आमच्या तोंडचा धोटा दुसरा तोंडाला कसा लावणार? म्हणून आमच्या जातीच्या माणसांना आत घ्यायचे नाय. हे गेले, त्यांच्या जागी पोरगा लागला. बाई, वारशानं जागा आली आमच्याकडं. आजार त्या जागेतला."

ऋतांचं पेन थांबलं. जात विचारायचं त्यांना सुचलं होतं. जातीने माणसाला कुठे उभं केलं, ते विचारायचं सुचलं नव्हतं. हेतू चांगलाच होता. शिकलेल्या माणसांच्या अशा चांगल्या हेतूंची फार धास्ती वाटते.

"मग माझं बाळ?" प्रितीने पुन्हा विचारलं.

"खरं सांगू? मला आज माहीत नाही. मी घाई केली." ऋतांनी ती खूण खोडली. "तीनशे घरं झाली माझी. एकाही घरात हे विचारलं नाही."

"मग परत जिने चढा," कमळाबाई म्हणाल्या. "सगळ्यांना विचारून या. रक्त तेव्हा देऊ."