बाकावरची डॉक्टर

आमच्या कामात एक नियम आहे: रक्ताच्या नात्यातल्या माणसावर आपण सुरी चालवायची नाही. तो मी दुसऱ्यांना फार ठणकावून सांगत आले. आज दुपारी बाबांच्या शेजारच्या काकू त्यांना घेऊन हॉस्पिटलात आल्या आणि तो नियम माझ्याच गळ्यात पडला.

जांघेतला हर्निया अडकला होता, आतड्याचा रक्तपुरवठा तुटत चालला होता. कालपासून उलट्या, आणि मला साधा फोन नाही.

"तुम्ही तरी कळवायचंत," मी काकूंवर उखडले.

"अगं, मी म्हणत होते. पण ते म्हणे, गॅस झालाय."

डॉक्टरचा बाप, आणि म्हणे गॅस!

अशा वेळी घाईने टेबलावर घेतलं तर माणूस टेबलावरच जातो. आधी त्याला सावरायचं, मग कापायचं. सलाईन सुरू केलं, नाकातून नळी घातली, रक्त तपासायला पाठवलं. बाबा ग्लानीत होते. त्यांचा हात गार होता, तो माझ्याने सोडवेना.

"मॅडम, आता बाहेर," माझा असिस्टंट म्हणाला. ऑपरेशन तोच करणार होता, माझ्याच हाताखाली तयार झालेला. मी बाहेर आले.

नातेवाइकांच्या बाकावर मी पहिल्यांदाच बसले. त्याची पाठ टोचते हे मला ठाऊकच नव्हतं, कारण तिथून मी नेहमी वाऱ्यासारखी जाते. दर रविवारी बाबा विचारायचे, "येतेस का?" मी म्हणायची, "एवढी एक केस झाली की येते." केसेस काय, संपतात थोड्याच. आता मला फक्त त्यांच्या स्वयंपाकघरात बसून पेपरातल्या बातम्यांवरची त्यांची कुरकुर ऐकायची होती. बाकी काही नको होतं.

दार उघडलं. असिस्टंट आला, त्याने टोपी काढली आणि माझ्या शेजारी बसला.

वाईट बातमी उभ्याने सांगू नये, टोपी काढून शेजारी बसावं, हे मीच त्याला शिकवलंय.

"कधी गेले?" मी विचारलं.

"कोण गेले? अहो मॅडम, उभं राहून पाय गेलेत माझे. आतडं काळपट होतं. गरम पाण्यात भिजवलेली फडकी ठेवून वाट पाहिली, तसं गुलाबी झालं. कापावं लागलं नाही."

"पुन्हा असा बसलास तर याद राख," मी म्हणाले आणि तिथेच रडले.

टोपी, मास्क चढवून आत गेले. हाक मारणार तोच बाबांनी डोळे किलकिले केले.

"डॉक्टर," ते पुटपुटले, "माझी मुलगी इथंच असते. तिला सांगू नका हं. कामात असते ती."

मी मास्क ओढून काढला, पण तोवर त्यांना पुन्हा झोप लागली होती.