राजानं अंडं घातलं

या घरात एक नियम आहे. राणीनं राजाला भरवायचं, आणि का, ते कुणी विचारायचं नाही.

मी त्या घरातला राजा बोलतेय. तुमच्या वाचण्यात चूक झालेली नाही. बोलतोय नव्हे, बोलतेय!

माझा जन्म याच बेटावरच्या जंगलातला, उंच झाडाच्या ढोलीतला. तिथं भरदुपारी ऊनसुद्धा पाझरत पाझरत खाली येतं. शेजारी निळ्या मानेची कबुतरं, डोक्यावरून पंख घुमवत जाणारे धनेश, सगळे आपापल्या रंगात मिरवणारे. पिल्लू असतानाच कुणीतरी मला ढोलीतून उचललं, होडीत घातलं आणि किनाऱ्यावरच्या या अतिथीगृहात आणून दिलं. झावळ्यांचं छप्पर, समोर समुद्र, मागं जाळीघर. जाळीघर माझं.

मी लालभडक, पोटाशी जांभळी; आमच्या जातीत लाल ती मादी, हिरवा तो नर. आत आधीच एक हिरवा पोपट होता. म्हाताऱ्या मालकांनी आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं आणि बारसं उरकून टाकलं.

"लाल तो राजा, हिरवी ती राणी. रुबाब पुरुषाचाच असतो."

ना कुणाला विचारलं, ना एखादं पुस्तक उघडलं. मी थक्कच झाले. ओरडून सांगितलं, पण माझं बोलणं त्यांच्या लेखी पोपटपंची!

हिरवा स्वभावानं गरीब. पपईचा गर आणून माझ्या चोचीत घालायचा. आमच्यात नरानंच मादीला भरवायचं असतं. मालकांना त्यात भलतंच दिसलं. पाहुण्यांत नवं जोडपं उतरलं की मालक त्या दोघांना जाळीपाशी आणत.

"बघा, पाखरालाही कळतं. स्वतः उपाशी राहून नवऱ्याला भरवते."

मालकीणबाई सुनेकडे बघत जोड देत, "काहींना कॉलेज करूनही कळत नाही."

सूनबाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची. एकदा तिनं विचारलं, "पण बाबा, ही राणी कशावरून?"

"मोठ्यांना उलट विचारू नये."

संपलं! प्रश्नाला एवढं भिणारं पाखरू मी अख्ख्या जंगलात पाहिलेलं नाही.

गेले काही दिवस मी कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यातून हलत नव्हते. मालक म्हणाले, "राजाला आळस चढलाय." आज सकाळी मी अंडं घातलं.

मालक दाणे घेऊन आले, वाकले आणि त्यांच्या हातातली वाटीच सुटली.

"अगं ए! राजानं अंडं घातलं!"

"काहीतरीच काय!" मालकीणबाई धावत आल्या. "राणीचं असेल. हा बिचारा राखण करतोय."

मी त्यांच्यादेखत अंडं पोटाखाली ओढून घेतलं. बाईंनी तोंडाला पदर लावला.

सूनबाई म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं नवराच बायकोला भरवत होता?"

मालकांचा चेहरा माझ्यासारखा लाल झाला. आणि मग जे ऐकलं, त्यानं माझं पीस न् पीस ताठ झालं.

"पाहुण्यांची होडी येईल आता. त्यांना काय तोंड दाखवू? सूनबाई, ते अंडं काढ आणि समुद्रात टाक. राजा कोण, राणी कोण, ते मी ठरवलंय!"

अहो, त्यात माझं पिल्लू आहे! तुमची लाज झाकायला माझं लेकरू बुडवणार? माणसांनो, चुकलं तर चुकलं म्हणा ना. त्यानं जीभ झडत नाही.

सूनबाई आत आली. तिचा हात पुढं आला तर बोट तोडायचं, असं मी ठरवलं होतं. पण ती माझ्याकडे पाठ करून खोक्यासमोर उभी राहिली.

"मी नाही टाकणार."

"मोठ्यांसमोर ही भाषा?"

"मोठ्यांसमोरच सांगतेय, बाबा. अंडं इथंच राहील. ही मादी आहे आणि तुम्ही चुकलात. होडीतून उतरेल त्या प्रत्येकाला मी हेच सांगणार."

मालकांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाई सांडलेल्या दाण्यांकडे पाहत राहिल्या. किनाऱ्याला होडी लागली, पाहुण्यांच्या हाका ऐकू आल्या. सूनबाईनं खोक्यासमोरूनच त्यांना साद घातली, "या, आधी इकडे या!"