सात नंबरचा अर्ज

चौतीस वर्षं बँका तपासून ताई निवृत्त झाली. वर्षभरातच तिला परीक्षक म्हणून बोलावणं आलं. धनिकांचा पैसा सांभाळणाऱ्या खासगी बँकांना द्यायचे पुरस्कार होते. पाच परीक्षक, बारा अर्ज. बँकांची नावं झाकलेली, वर नुसते नंबर.

सातव्या अर्जावर ताई अडखळली. 'आम्ही ग्राहकाला तळहातावरच्या फोडासारखं जपतो.' हे तर धाकट्याचं वाक्य! शाळेतल्या निबंधांत तिच्या भावानं आई, सायकल आणि देश, तिघांनाही असंच जपलं होतं.

अर्ज झकास होता, हीच पंचाईत. ताईनं पेन ठेवलं.

"हा माझ्या भावानं लिहिलाय. मी बाहेर बसते."

"नाव झाकलंय, मग कशावरून?" अध्यक्षांनी विचारलं. ते निवृत्त न्यायाधीश.

"त्याचे निबंध मीच तपासायचे." भावाची बँक कुठली, तेही तिनं सांगून टाकलं.

ती बाहेर सोफ्यावर टेकते न टेकते तोच दार उघडलं. विमावाले परीक्षक आले. "माझी सून त्याच बँकेत आहे हो. तुम्ही बोललात म्हणून धीर झाला." त्यांच्या मागोमाग गुंतवणूक सल्लागार बाई. "माझं खातंच तिथं आहे!"

तिघांनी कॉफी मागवली आणि तिघंही पोट धरून हसली. आत उरले न्यायाधीश आणि कॉलेजातले एक प्राध्यापक. त्या दोघांनीच गुण दिले. सात नंबरचा पुरस्कार दोन गुणांनी हुकला.

"सख्खी बहीण परीक्षक, आणि ही दशा!" धाकट्यानं एवढंच म्हटलं आणि फोन ठेवून दिला. पंधरा दिवस अबोला. ताईला जेवण गोड लागेना, पण तिनंही फोन केला नाही. चूक केलीच नव्हती, तर माफी कसली मागायची?

सोळाव्या दिवशी सकाळी तो दारात उभा. हातात परीक्षकांचा शेरा.

"ताई, हे बघ. 'ग्राहकाच्या नावानं भलत्याच माणसानं फोन केला तर ओळख कशी पटवता, ते लिहिलेलं नाही.'"

"मग लिहायचं ना!"

"लिहिणार काय? आमच्याकडे तशी नीट पद्धतच नाहीये गं."

ताईनं चष्मा चढवला, शेजारची खुर्ची ओढली.

"बस. आधी सांग, फोन उचलतं कोण?"