तिसरा डबा

रस्ता वरून खचत नाही, खालून खचतो. एवढी साधी गोष्ट पटवून देता देता चिंतामण ओव्हरसियरच्या नाकी नऊ आले होते. बारामतीहून इंदापूरकडे जाताना भवानीनगरच्या अलीकडे एक तुकडा दरसाल बसायचा. उसाच्या गाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा त्यात रुतायच्या, बैल गुडघे टेकायचे. लोक म्हणत, मुरूम हलका आहे. पुण्याचे मोठे साहेब म्हणत, जागाच वाईट आहे, कालव्याची जमीन पाझरते, आखणी बदला.

साहेबांना आखणी बदलायला नकाशावर एक रेघ पुरे. ती रेघ रस्त्याकडेच्या कुंडलिक शेतकऱ्याच्या पेरूच्या बागेतून आणि त्याच्या विहिरीवरून जात होती. बाग गेली तर कुंडलिकजवळ उरणार होतं ते खडकाळ टेकाड. त्यावर कुसळंसुद्धा रडत-रखडत येतात.

चिंतामणने साहेबांकडून एक संधी मागून घेतली. तो तुकडा त्याने उकरला, खाली वाळूचा थर दिला, दोन्ही बाजूंना खोल चर काढले, वर खडी आणि मुरूम दाबून घेतला. साहेब येऊन त्यावरून भरल्या गाड्या चालवून बघणार होते. टिकला तर रस्ता जागेवर राहील. खचला तर बागेत नव्या आखणीच्या खुंट्या.

कुंडलिक रोज कामावर येऊन बसायचा. एकदा चिंतामणने रॉकेलचे तीन कापलेले डबे मांडले आणि त्यांत मुरूम भरला.

"आबा, ह्या पहिल्यात अंगठा दाबा."

मुरूम कोरडा होता. अंगठा मुळापर्यंत गेला.

दुसऱ्या डब्यात चिंतामणने बेताचं पाणी शिंपडून मुरूम ठोकला. कुंडलिकने सगळा जोर लावला, तरी नख उमटलं नाही.

"पाण्याशिवाय मुरूम बसत नाही, बघा," चिंतामण म्हणाला आणि तिसऱ्या डब्यात तांब्याने पाणी ओतायला लागला. तेवढ्यात बांधावरून पाटकऱ्याने हाक दिली की पाळी सुटली. कालव्याच्या पाण्याची पाळी कुणासाठी थांबत नाही. कुंडलिक धोतर सावरत पळाला. तिसऱ्या डब्यातल्या मुरमाची पातळ पेज झाली. ती एकट्या चिंतामणने पाहिली, चरात ओतली आणि हात धुतले. शिकलेल्या माणसाची ही खोडच असते. आपल्याला कळलं म्हणजे जगाला कळलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी चिंतामण साहेबांना आणायला बारामतीला गेला. जाताना म्हणाला, "आबा, तुकडा तुमच्या भरवशावर."

कुंडलिकला हातावर हात ठेवून बसवेना. त्याला आठवलं ते खळं. खळं कसं करतात? जमीन भिजवायची, बैल फिरवायचे, चोपायची, शेणाने सारवायची. मग तिच्यावर महिनाभर मळणी करा, ढेकूळ सुटत नाही. आणि चिंतामणसाहेबच म्हणाले होते की पाण्याशिवाय मुरूम बसत नाही. दुपारी पाळी आली तेव्हा त्याने रस्त्याच्या कडेने वाफ्यासारखे वरंबे घातले आणि अर्धं पाणी तिकडे वळवलं.

त्याची बायको छबूबाई म्हणाली, "आवं, पेरू सुकत्यात की."

"रस्ता ऱ्हायला तर पेरू ऱ्हातील," कुंडलिक म्हणाला. दिवस मावळेपर्यंत दोघं राबली. तिने शेणकाला करून सारवलं, त्याने वरंबे मोडून जागा साफ केली. तुकडा आरशासारखा दिसायला लागला.

सकाळी जीपमधून उतरताच चिंतामणला शेणाचा वास आला आणि तो तुकड्याकडे धावला. तो काही बोलायच्या आत साहेबांनी गाडीला हात केला. पहिलीच गाडी पाच-सहा पावलं गेली आणि आसापर्यंत रुतली. उजवीकडचा बैल खाली बसला.

चिंतामणने गुडघ्यावर बसून मूठभर मुरूम पिळला. पाणी गळलं. खाली वाळूपर्यंत सगळं ओलं होतं, आणि पाणी वरून आलं की खालून, हे ओल काही सांगत नाही.

"साहेब, हे पाणी कुणीतरी वरून घातलेलं आहे. सुकू द्या, पुन्हा बघू. मी पाया पडतो."

साहेब वाईट नव्हते. ते इंग्रजीत म्हणाले, तसं असेल तर चाचणी पुन्हा घेऊ, पण कुणीतरी कबूल करायला हवं. मग कुंडलिककडे वळून त्यांनी मराठीत आवाज चढवला, "ओव्हरसियरच्या ताब्यातल्या सरकारी रस्त्यावर पाट फोडला? कुणी फोडला?"

कुंडलिकने चिंतामणकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आबा, खरं सांगा," चिंतामण म्हणाला. "तुमच्या भल्याचं आहे."

रस्ता तर खचला होता, बाग गेलीच होती. आता हा पोरगाही आपल्यापायी नोकरीला मुकणार, एवढंच कुंडलिकला दिसलं.

"न्हाय, रावसाहेब," तो म्हणाला. "कुनी बी पानी घातलं न्हाय. हितली जमीनच पाझरती. आमच्या आज्यापासनं पाझरती."

साहेबांनी छबूबाईकडे पाहिलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "न्हाय जी."

"ऐकलंत?" साहेब चिंतामणला म्हणाले. जीप गेली. जाण्याआधी साहेबांबरोबरच्या माणसांनी बागेतून फक्कीची पांढरी रेघ ओढली. ती विहिरीच्या एका काठाला थांबली आणि दुसऱ्या काठापासून पुढे गेली.

चिंतामण चराच्या काठावर बसून रडायला लागला. कुंडलिक शेजारी येऊन टेकला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"भ्यायचं न्हाय साहेब. म्या तोंड उघडलं न्हाय. तुमची नोकरी तरी ऱ्हायली."

चिंतामणच्या ओठांवर सगळं आलं होतं. हा एक 'होय' म्हणाला असता तर बाग वाचली असती, हे या माणसाला सांगायचं? सांगितलं तर तो उरलेलं आयुष्य त्या टेकाडावर बसून कसं काढील? त्याने बाहीने डोळे पुसले.

कुंडलिकनेच विचारलं, "साहेब, येक इचारू? पानी कमी पडलं व्हय?"

"होय, आबा," चिंतामण म्हणाला. "थोडं कमी पडलं."

"तरी म्या म्हनलंच," कुंडलिक म्हणाला. "निम्मं बागंला द्याया नगं व्हतं."