उधाणचा पोशाख आणि एक खोटी हाक

मी एक जुना पोशाख आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर तुमच्यासमोर यायची मला लाज वाटते. अंगभर निळा रंग, चेहऱ्यावर मुखवटा, छातीवर पांढरी लाट आणि तिच्याखाली ‘उधाण’ हे नाव, खांद्यांवर नारिंगी पट्टे आणि पाठीला मानेपासून कमरेपर्यंत चेन. मला जो अंगात घालायचा तो उधाण व्हायचा. उधाण हा चित्रकथेतला वीर. भरती आली की त्याच्या अंगात दहा माणसांचं बळ येतं आणि ओहोटी लागली की तो तुमच्यासारखाच साधा माणूस होतो.

या उधाणला जन्म दिला मुरुडच्या कोळीवाड्यातल्या भावेशने. भावेश होड्या रंगवायचा. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव घालावं तर त्यानेच, असं सगळे म्हणायचे. त्याची बायको मनाली गोष्ट लिहायची, तो चित्रं काढायचा. दोघांनी घराच्या पुढच्या खोलीवर ‘खारा वारा प्रकाशन’ अशी पाटी लावली आणि पहिला अंक छापून आणला.

अंक छापणं सोपं होतं, वाचक मिळवणं कठीण. अलिबागच्या एका पुस्तकाच्या दुकानात भावेश अंक घेऊन गेला. तिथे दर्शनी भागात परदेशी वीरांचे गुळगुळीत, चकचकीत अंक टांगलेले होते. त्यांच्याखाली मुंबईच्या बड्या कंपन्यांचे. उधाणला जागा मिळाली ती दहावीच्या गाइडांच्या मागे.

“जे खपतं ते पुढे ठेवावं लागतं रे बाबा,” दुकानदार म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. “पोरं शिनेमात बघितलेला हिरो मागतात. तुझ्या उधाणला ओळखतो कोण?”

भावेश आणि मनालीने काय काय करून पाहिलं! शाळांमध्ये पहिला अंक फुकट वाटला. मुलांनी तो आवडीने वाचला, पण दुसरा विकत घ्यायला कोणी आलं नाही. एकाच अंकाला दोन निरनिराळी मुखपृष्ठं केली. रोज एक पान मोबाइलवर टाकलं. लोक लाइकचा अंगठा दाबायचे आणि पुढे सरकायचे. मग भावेशच्या मनात आलं, आपला वीर जिवंत होऊन लोकांपुढे उभा राहिला तर?

असा मी जन्मलो. मला शिवलं भावेशच्या आईने, केसरबाईंनी. निळं कापड रेनकोटचं होतं, आतून सुती अस्तर. छाती भरदार दिसावी म्हणून त्यांनी एका जुन्या गादीतला स्पंज काढून आत भरला. मापं घेताना त्या सारख्या हसत होत्या.

“ह्याला खिसा नको काय रं?”

“वीरांना खिसे नसतात, आये.”

“मंग शेंबूड आला तर रुमाल कुठनं काढतो?”

त्यांच्या पायाखालच्या मशीनचा खडखडाट हे माझं पहिलं गाणं. त्या दिवसांत मला लाज ठाऊक नव्हती.

ती पहिल्यांदा कळली एका शाळेच्या पटांगणावर. भावेश मला घालून ऐटीत उभा राहिला, तर मागच्या रांगेतून आवाज आला, “हा तर पिच्चरमधल्या हिरोचा गरीब भाऊ!” सगळं पटांगण हसलं. आत भावेशची पाठ घामाने भिजली आणि तो घाम मीच शोषून घेतला. मुरुडच्या किनाऱ्यावर थोडं बरं चाललं. पर्यटक माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे, हसायचे, आणि शहाळी प्यायला निघून जायचे. शेजारी टेबलावर अंकांचा गठ्ठा होता तसाच राहायचा.

“त्यांना पोशाख हवाय,” मनाली म्हणाली. “गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीये, भावेश. तू कपड्यामागे लागलायस.”

भावेशने मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या चुलतभावाला, अल्पेशला गाठलं. अल्पेश पोहण्यात माशासारखा. दोघं मिळून जे ठरवत होते ते मी दोरीवर वाळता वाळता ऐकलं. रविवारी किनाऱ्यावर गर्दी असते. अल्पेशने लाटांच्या पलीकडे जाऊन बुडण्याचं सोंग करायचं, ओरडायचं. उधाणने धावत जाऊन त्याला वाचवायचं. लोक मोबाइलवर टिपतीलच. मनालीला काही सांगायचं नाही.

आणि तसंच झालं. “वाचवा! वाचवा!” अल्पेशची हाक किनाऱ्यावर घुमली. बायका किंचाळल्या. भावेश मला घेऊन पाण्यात झेपावला. माझ्या छातीतल्या स्पंजात पाणी भरलं, मी जड झालो, तरी तो हात मारत गेला आणि अल्पेशला ओढत वाळूवर घेऊन आला. टाळ्या पडल्या. कोणी शिट्ट्या मारल्या. “उधाण! उधाण!” माझ्या छातीवरचं नाव वाचून पोरं ओरडू लागली. मित्रांनो, त्या क्षणी मला फार अभिमान वाटला. आज त्या अभिमानाचीच सर्वांत जास्त लाज वाटते.

कारण तेवढ्यात खडकांच्या बाजूने एक होडी आली. होडीत चांगदेव नाखवा उभे होते. साठी उलटलेले, स्वतःची होडी चालवणारे; कोळीवाड्यात सगळे त्यांना मान देत. ते खडकांपलीकडे जाळं सांधत बसले होते. हाक ऐकली आणि हातातलं टाकून त्यांनी एकट्याने होडी लोटली. घाईत त्यांचा डावा हात दोन होड्यांच्या मध्ये सापडला. तसाच हात घेऊन ते आले होते. डोक्याचा रुमाल त्यांनी पंजाला गुंडाळला होता आणि तो लाल झाला होता.

“काका, हाताला काय झालं?” भावेशने विचारलं.

“काय न्हाय. होडीत गावला.” त्यांनी अल्पेशकडे पाहिलं. “पोर वाचला ना? मंग झालं.”

अल्पेश वाळूत मान खाली घालून बसला होता. लोकांना वाटलं, भेदरलाय बिचारा.

लोकांनी मोबाइलवर टिपलेली ती चित्रफीत गावोगाव पोचली. पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून अंकांची मागणी आली. गाइडांच्या मागे दडलेला उधाण दुकानाच्या दारात टांगला गेला. दुसरी आवृत्ती निघाली, तीही संपली. केसरबाईंनी मला स्वच्छ धुतलं, उन्हात वाळवलं आणि तबक घेऊन मला ओवाळलं. “माझ्या हातची शिवण एकाचा जीव वाचवून आली,” असं त्या शेजारणींना सांगायच्या. मनाली माझ्या बाहीवरून हात फिरवायची. त्या हातांखाली मला आकसून जावंसं वाटे. कपड्याला बोलता येत नाही, म्हणून कपडा निर्दोष असतो का? मला ठाऊक नाही.

एके दिवशी चांगदेव नाखवा नातीला घेऊन घरी आले. तिचं नाव प्रणाली. तिला अंक हवा होता, आणि त्यावर उधाणची सही.

“हात कसा आहे, काका?” मनालीने विचारलं.

“हाडं जुळली. पण दोन बोटं वळत न्हाईत. जाळं वढाया गेलो का सुटून जातंय.” ते हसले. “होडी ठेवलीय वाळूवर. असू दे गो. एक माणूस वाचला, त्यात माझी दोन बोटं गेली. सौदा काय वंगाळ न्हाय.”

भावेशने पेन उचललं. प्रणाली टाचा उंचावून बघत होती. ‘उधाण’ एवढं लिहायला त्याला किती वेळ लागला! सही झाली तेव्हा ती कुणा दुसऱ्याची वाटत होती.

त्यानंतर भावेशने मला घालणं टाळायला सुरुवात केली. जेवताना तो ताटावरून उठायचा. मनाली विचारायची, तो रंगाचा डबा घेऊन होड्यांकडे निघून जायचा. शेवटी कोळी समाजाच्या सभागृहात सत्कार ठरला. एक नारळ चांगदेव नाखवांना, एक भावेशला. त्याने उधाणच्या पोशाखातच यावं असा सगळ्यांचा आग्रह.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत केसरबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. शाल घालायला अध्यक्ष पुढे आले, तेव्हा भावेशने हात आडवा धरला आणि मुखवटा काढला.

“मी कोणाला वाचवलं नाही,” तो म्हणाला. “अल्पेश बुडत नव्हता. आम्ही ठरवून केलं. अंक खपावेत म्हणून.”

कोणाला कळलंच नाही. मग सगळ्यांना एकदमच कळलं. मनाली उठली आणि कोणाकडे न बघता बाहेर गेली. चांगदेव नाखवा नारळ मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

“काका, तुमचा हात माझ्यामुळे गेला,” भावेश म्हणाला. “मला मारा, काय करायचं ते करा.”

“हाताचं राहू दे,” नाखवा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. “दर्यावर हाक आली का हातातलं टाकून धावायचं, हे माझ्या बापानं शिकवलं. तवा मी कधी इचार केला न्हाय, कोण हाय, कुणाचा हाय. आता उद्या खरी हाक येल, तवा माझा पाय अडखळला तर? ते कुनी भरून द्याचं, रं?”

तेव्हा केसरबाई उठल्या. मंचावर चढल्या, मुलाच्या मागे उभ्या राहिल्या आणि भर सभेत त्यांनी माझी चेन खाली ओढली.

“उतरव,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातची शिवण हाय ही. उतरव.”

भावेश गंजीफ्रॉक आणि चड्डीवर उभा राहिला. मी केसरबाईंच्या कवेत होतो.

पुढे व्हायचं ते झालं. भावेशने खरं काय ते मोबाइलवरही सांगितलं. लोकांनी शिव्या घातल्या. अंकांचे गठ्ठे परत आले. मनाली कितीतरी दिवस घरात कामापुरतं बोलायची. भावेश रोज पहाटे चांगदेव नाखवांच्या दाराशी जाऊन बसायचा. पहिले काही दिवस नाखवा त्याला ओलांडून जायचे. मग एका पहाटे ते नुसतं म्हणाले, “पाणी चढलंय. होडी लोट.” तेव्हापासून भावेश त्यांच्या होडीवर जाळं ओढू लागला. त्याच्या रंगाच्या हातांना घट्टे पडले.

उधाणची गोष्ट मात्र संपली नाही. ती मनालीने उचलली. नवा अंक साध्या कागदावर, काळ्या शाईत निघाला. त्यात उधाण ओहोटीच्या वेळी आपल्या बळाची खोटी बढाई मारतो आणि कोळीवाडा त्याच्याशी बोलणं सोडतो. तो अंक घेऊन मनाली आगरदांड्याच्या जेट्टीवर जाऊ लागली. दिघीला जाणारी माणसं बोटीची वाट बघत बसलेली असायची. ती त्यांना कोळीवाड्याच्या बोलीत गोष्ट वाचून दाखवायची, चित्रं फिरवून दाखवायची. बोट लागली की जिथे असेल तिथे गोष्ट थांबायची.

“आवो बाय, फुडं काय झालं?” लोक बोटीवर पाय ठेवता ठेवता ओरडायचे.

“पुढचं यात आहे,” म्हणून ती अंक पुढे करायची. काही जण घ्यायचे. जे घ्यायचे, ते परत येताना तिला शोधायचे. भावेशने चित्रांमधल्या होड्यांवर वाचकांची नावं घालायला सुरुवात केली. आपली होडी कुठल्या पानावर आहे ते शोधायला पोरं पुढच्या अंकाची वाट बघू लागली. पूर्वीइतके वाचक झाले नाहीत. पण जे झाले, ते टिकले.

मी त्यांच्यासोबत कधी गेलो नाही; हे सगळं घरच्यांच्या बोलण्यातून ऐकलेलं. केसरबाईंनी माझ्यात पेंढा भरला आणि मला बोंबील वाळत घालतात तिथे बांबूला बांधलं. मी कावळे हाकतो. माझा निळा रंग विटला आहे.

तिथूनच मी ते पाहिलं. मागच्या हिवाळ्यातली दुपार होती. वाळूत पाचसहा जण जाळी सांधत बसले होते. त्यांत भावेश होता, चांगदेव नाखवा होते. खडकांकडून हाक आली, “वाचवा!” कोणी पर्यटक होता, भरतीचा अंदाज न आलेला.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. आणि कोणी उठलं नाही. सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. फार वेळ नाही, पापणी लवेल इतकाच. मग चांगदेव नाखवा उठले, त्यांच्यामागे भावेश, मग बाकीचे. होडी वेळेवर पोचली. तो माणूस खोकत, रडत किनाऱ्यावर आला.

लोक पांगल्यावर नाखवा ओल्या वाळूत बसून राहिले. भावेश त्यांच्याजवळ गेला.

“वाचला ना, काका.”

“थांबलो रं मी,” नाखवा म्हणाले. त्यांनी भावेशकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं. “बघितलंस तू? उभ्या जन्मात कधी थांबलो नव्हतो. आज थांबलो. लाज वाटली मना.”

मित्रांनो, लाज वाटायला हवी ती माझ्यासारख्याला, आणि वाटली ती त्यांना. भावेश त्यांच्या शेजारी बसला.

तुम्ही गोष्टी लिहा, चित्रं काढा, आपला वीर घेऊन गर्दीत उभे राहा. गाइडांच्या मागची जागा मिळाली तरी खचू नका. फक्त तुमच्या हाकेवर कोणी हातातलं टाकून धावत येणार असेल, तर ती हाक खरी असू द्या.