पूजेतला गार्ड

आकांक्षाचं डोकं नेमकं खंडेनवमीला का फिरलं ते ऐका. वडीगोद्रीत हायवेला तिच्या आप्पांचं, म्हंजे मच्छिंद्र मिस्त्रीचं, वेल्डिंगचं दुकान हाये. पोरगी आयटीआय करून आली, आप्पांच्या जोडीनं कामाला लागली, अन् तव्हापासून बापलेकीचं एकाच चीजेवरून वाजून राह्यलं: ग्राइंडरचा गार्ड. चकतीवर अर्धगोल पत्रा असतो ना, ठिणगी अन् तुटका तुकडा अंगावर येऊ देत न्हाई, तो. ती बसवायची, आप्पा काढायचे. नडतो म्हणायचे. गॉगल बी नवाकोरा खिळ्याला टांगलेला. मागल्या साली आप्पांच्या उजव्या डोळ्यात लोखंडाचा कण घुसला, तो जालन्याच्या डॉक्टरनं काढला अन् बजावलं, परत असं झालं तर ह्या डोळ्याचा भरवसा न्हाई. मंग आप्पांनी सुधारणा केली. ग्राइंडर चालवताना उजवा डोळा मिटायला लागले.

तर त्या दिवशी राधेश्यामकाका सकाळीच दुकानात ठाण मांडून बसले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्यांच्या नव्या हॉटेलाचं उद्घाटन, अन् गेटाची बिजागरी अडकत होती. ती काढून सोबत आणलेली, तेवढी घासून पायजे होती. आकांक्षानं ग्राइंडर उचलला तर गार्ड गायब. कालच तिनं स्वतः आवळला होता. आप्पा म्हणले, काढला खरा, कुठं ठेवला ध्यानात न्हाई. तिनं भंगाराचा ढीग उपसला, बाकड्याखाली घुसली, शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं. तो म्हणला, आमच्याकडं हवा मिळते, गार्ड न्हाई. राधेश्यामकाका चहा भुरकत म्हणले, बाई, एका बिजागरीसाठी केवढा पंचनामा. एवढ्यात आप्पांनी ग्राइंडर घेतला, डोळा मिटला अन् बटण दाबलं.

घर्र झालं अन् बंद पडलं. आकांक्षा पिन उपसून, वायर मांडीखाली दाबून खाली बसली होती.

"ऊठ," आप्पा म्हणले.

"गार्ड आणा, उठते."

"तू जन्मायच्या आधीपासून चालवून राह्यलो मी."

"तव्हा दोन डोळ्यांनी चालवत होते."

राधेश्यामकाकांनी चहाचा गिलास हळूच खाली ठेवला.

तेवढ्यात आई, बेबीनंदाबाई, हत्यारांच्या पूजेचं ताट घेऊन आली. एका हातात ताट, दुसऱ्या हातात सांडशी, सांडशीत धुराचा लोट. धूर कशातून? गार्डातून. घरचं धुपाटणं फुटलेलं, सकाळी डबा द्यायला आली तव्हा हे दिसलं, एका बाजूनं काठ बी हाये, निखारे बराबर बसतात, म्हणून घेऊन गेल्ती. आकांक्षाला हसावं का रडावं कळंना. मागायला गेली तर आईनं हटकलं, पूजेचं हाये, हात लावू नको.

मंग ग्राइंडर, हातोडा, वेल्डिंगचा होल्डर, सगळे एका रांगेत. हळद, कुंकू, झेंडूचा हार. आईनं विड्याच्या पानानं पाणी शिंपडलं ते नेमकं ग्राइंडरच्या मोटारीच्या जाळीत. आकांक्षा वरडली, अगं, पाण्यानं करंट उतरतो. आई म्हणली, साधं पाणी न्हाई, गोदावरीचं हाये.

पूजा झाली अन् आप्पांनी हात जोडून राधेश्यामकाकांना सांगून टाकलं, आता उद्यापर्यंत हत्याराला हात लावता येत न्हाई. लेक वायरीवर बसली तर ऐकलं न्हाई, अन् झेंडूचा हार बसला तर एका मिनटात थांबले. काका पाय आपटत गेले. आकांक्षाचा नुसता जळफळाट.

दसऱ्याला सकाळीच तिनं दुकान उघडलं. गार्डातली राख झटकली. पंक्चरवाल्याकडून जाळीत हवा मारून घेतली, पाकळ्या निघाल्या, कुंकवाचा लाल फुफाटा निघाला. ग्राइंडर चांगला उन्हात ठेवला, मंग पिन बाहेरच ठेवून गार्ड घट्ट आवळला. आप्पा आले अन् सवयीनं पाना उचलला. गार्डावर काल आईनं उमटवलेली कुंकवाची पाच बोटं तशीच. आप्पा थबकले.

"पूजलेलं हाये," म्हणले. "आता कसं खोलावं?" अन् पाना खाली ठेवला.

आकांक्षा बघतच राह्यली. डॉक्टर सांगून थकला, तिचा घसा बसला, अन् काम केलं कुणी, तर चिमूटभर कुंकवानं. मंग तिच्या डोक्यात आलं, असं हाये तर असंच सही. ताट दुकानातच होतं. तिनं गॉगल खिळ्यावरून काढला, दांडीला हळद-कुंकू लावलं अन् आप्पांच्या हातात दिला.

आप्पांनी गॉगल दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावला. मंग उठून देवाच्या फोटोला अडकवला, वरून कालचा हार बी घातला.

"डोळ्याला लावा ना, आप्पा."

"पूजेची चीज तोंडावर कशी घालू? पाप लागंल."

बाहेर राधेश्यामकाका हॉर्नवर हात ठेवून उभे होते. आप्पांनी पिन लावली, ग्राइंडर उचलला, बिजागरीवर वाकले अन् उजवा डोळा मिटला.

आकांक्षानं पिन उपसली अन् वायर परत मांडीखाली घेतली.