प्रॉसरचे एकोणपन्नास

चाळीस वर्षं मी नागपुरात क्लबच्या सामन्यांचं स्कोअरबुक लिहिलं. बॅट कधी धरली नाही, पण माझ्या पानावरची धाव हलवायची कुणाची टाप नव्हती. देवयानी, माझी लेक, लहानपणी माझ्या टेबलाशी बसायची. अंपायर गुडघा उचलून त्यावर हात थोपटायचा, म्हणजे लेगबाय. मग मी हात वर करायचो, म्हणजे नोंद झाली. हे सगळं तिला पाठ होतं.

आता ती अमेरिकेत ॲन आर्बरला इतिहासात पीएचडी करते आणि मी तिच्याकडे बर्फ बघत बसतो. तिच्या प्रबंधाचा नायक ग्रिफिथ प्रॉसर, दीडशे वर्षांपूर्वी वेल्समधल्या खेड्यातून इंग्लंडच्या विद्यापीठात शिकायला गेलेला. त्याच्या बोलण्याची तिथली पोरं टिंगल करायची. मग एका सामन्यात पठ्ठ्यानं पन्नास ठोकले आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. देवयानीचा अख्खा चॅप्टर त्या पन्नासवर उभा होता आणि शुक्रवारी तो डिपार्टमेंटसमोर वाचायचा होता.

गुरुवारी सकाळी तिनं मला त्या सामन्याच्या स्कोअरबुकचा फोटो कौतुकानं दाखवला. सवयीनं मी बेरीज मारली. बॅट्समननी काढलेल्या आणि बॉलरनी दिलेल्या धावा जुळायला हव्यात. एकाचा फरक येत होता.

"देवू, एक लेगबाय कुणाच्या तरी नावावर चढलाय. पायाला लागून निघालेली धाव संघाची, बॅट्समनची नव्हे."

तिचा चेहरा उतरला. "बाबा, त्याचं आईला लिहिलेलं एक लेटर आहे. पेपरवाले पन्नास म्हणतात, पण माझे एकोणपन्नासच, शेवटची पायाला लागून गेली, असं लिहिलंय. मला वाटलं, उगाच मॉडेस्ट होतोय. मी ते इग्नोर केलं."

"मग आता दुरुस्त कर."

"उद्या प्रेझेंटेशन आहे! एका रनसाठी चॅप्टर कॅन्सल करू?"

मी भडकलो. "सख्ख्या भावाला एकोणपन्नासवर ठेवलंय मी! सहा महिने बोलला नाही माझ्याशी."

ती दार आपटून लायब्ररीत गेली. माझी मात्र चुळबूळ सुरू झाली. पोरीच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी ओतायला मी एवढ्या लांब आलो होतो का?

शुक्रवारी मी हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलो. पडद्यावर वर्तमानपत्रातले पन्नास आले, त्यांवर लाल रेघ होती. देवयानीनं ते पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "पन्नास करणारे पुढे पुष्कळ झाले. टिंगल करणाऱ्यांपुढे मिरवायला मिळत असतानाही हा आईला एकोणपन्नास कळवतो. माझा चॅप्टर आता या माणसाचा आहे."

पुढच्या रांगेतून तिच्या प्रोफेसरबाईंनी विचारलं, "हे पकडलं कुणी?"

देवयानीनं माझ्याकडे बघितलं. मग सगळ्या विद्वानांदेखत गुडघा उचलला आणि त्यावर हात थोपटला.

मी उभा राहिलो आणि हात वर केला.